नांवाची हांक

योहानकृत शुभवर्तमानाच्या 20 व्या अध्यायांतील ईस्टरच्या पहांटेचा प्रसंग आम्हीं किती वेळां वाचला असेल, याची गणती नाहीं. कबरेपाशीं रडत उभी असलेली मग्दालीया मरीया समोरच्या येशूस ओळखीत नाहीं. ती त्यास माळी समजते. मृत्यूस जिंकून आलेला प्रभु तिला आपली थोरवी सांगत बसत नाहीं. तो तिला केवळ नांवानें हांक मारतो, आणि तेवढ्यानें तिला ओळख पटते.

यंदा मंदिरांत तोच भाग वाचला जात असतां आम्ही मान खालीं घालून बसलों होतों. गतवर्षीं याच सणास, उपासना संपल्यावर, महाविद्यालयांतील कांहीं प्रतिष्ठित स्नेह्यांसमवेत आम्ही अंगणांत उभे होतों. इतक्यांत गांवाहून आलेल्या आमच्या थोरल्या बंधूंनीं आम्हांस लहानपणच्या नांवानें मोठ्यानें हांक मारली. ज्यांनीं लोकांच्या बागा शिंपून आमच्या शिक्षणाची फी भरली, त्यांची ओळख आम्हीं ‘आमच्या गांवचे एक गृहस्थ’ अशी करून दिली! दादा कांहीं बोलले नाहींत. चहाही न घेतां परत गेले.

यंदा उपासना आटोपतांच आम्ही गांवीं गेलों. दादा झाडांच्या आळ्यांत पाणी सोडीत होते. क्षमा मागण्यासाठीं वाटेंत जुळविलेलीं वाक्यें घशांतच राहिलीं. त्यांनीं मान वर केली आणि त्याच नांवानें हांक मारली.

त्या नांवानें आम्हांस हांक मारणारें आतां दुसरें कोणी उरलेलें नाहीं.