कुठेतरी पाणी मुरतंय

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून काचेची ती पेटी मांडीवर घेऊन मी रिक्षाने निघालो, तेव्हा रिक्षावाल्याने आरशातून तीनदा माझ्याकडे पाहिले. शेवटी सिग्नलला थांबल्यावर त्याला राहवेना. "सर, फुटकी आहे ना ही?"

"फुटकी नाही, गळकी आहे," मी शक्य तितक्या प्रतिष्ठेने म्हणालो. वीस वर्षे मराठी शिकवून शब्दांच्या छटांचा इतका नेमका उपयोग मी क्वचितच केला असेल.

घरी सौभाग्यवतींनी दार उघडले, पेटीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि "पुन्हा?" एवढेच विचारले. त्या एका शब्दामागे दोन वर्षांचा इतिहास आहे. तो मला फारसा भूषणावह नाही. म्हणून आधीच सांगून मोकळा होतो.

२०२२ साली धाकटीच्या आठव्या वाढदिवसाला मी मासे पाळण्याची नवी कोरी टाकी आणली आणि तीत दोन सोनमासे सोडले. टाकी लहान आहे अशी शंका मी दुकानात बोलून दाखवली होती. पण "मासा टाकीएवढाच वाढतो, सर," असे ठाम उत्तर मिळाले आणि मी मान डोलावली. वास्तविक शतपथ ब्राह्मणातली मनूची गोष्ट मी कित्येकदा सांगितली आहे. हात धुण्याच्या पाण्यात सापडलेला तो चिमुकला मासा आधी घटात मावेना, मग खड्ड्यात मावेना, अखेर त्याला समुद्रात सोडावे लागले. सोनमासाही चांगला वीतभर वाढतो, आणि लहान टाकीत त्याची वाढ खुंटली तर तो समजूतदारपणा नसून हाल असतात. पण बाजारात गेलेला प्राध्यापक आपली विद्या घरी ठेवून जातो.

तेवढ्यावर भागले असते. माझा खरा अपराध म्हणजे स्वच्छता. दर तिसऱ्या दिवशी मी टाकी पूर्ण उपसत असे, खडे नळाखाली चोळून धूत असे आणि फिल्टरमधला स्पंज पिळून पिळून पांढराशुभ्र करत असे. पाणी असे लखलखीत दिसे, की पाहुणे वाखाणत. अकराव्या रात्री एक मासा गेला, बाराव्या पहाटे दुसरा. घर अजून झोपेत होते. मी स्वयंपाकघरातला एक चमचा घेतला, दोघांना गॅलरीतल्या चाफ्याच्या कुंडीत पुरले आणि धाकटी उठल्यावर तिला सांगितले, की दुकानदाराने त्यांना हवापालटासाठी मोठ्या हौदात नेले आहे.

"परत कधी येतील?"

"दिवाळीनंतर."

दिवाळी आली आणि गेली. तिने विचारले नाही. पोरांचे लक्ष लवकर उडते ते एक बरे असते, असे म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला. टाकी तर त्याच आठवड्यात भंगारवाल्याने चाळीस रुपयांना नेली होती.

पुढे कधीतरी स्टाफरूममध्ये चहा घेताना प्राणिशास्त्राच्या एका सहकाऱ्यांना मी ही हकीकत सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही मासे पाळलेच नाहीत. तुम्ही काच पाळलीत." मग त्यांनी मला जे सांगितले, ते चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नसल्याची मला लाज वाटली. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो, आणि तो विषारी असतो. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात; तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते मासे बऱ्यापैकी सोसतात आणि अधूनमधून थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते खड्यांवर आणि स्पंजावर वस्ती करतात. म्हणजे ज्याला मी मळ समजून क्लोरीनच्या पाण्याखाली पिळत होतो, तीच त्या माशांची प्राणरक्षक वस्ती होती.

त्यानंतर दर रविवारी माझी पावले जुन्या बाजाराकडे वळू लागली. तिथे मोडक्या पंख्यांच्या नि बिनदांड्याच्या कढयांच्या शेजारी एखादी तरी टाकी दिसेच. प्रत्येकीवर आतून चुन्याची पांढरी रेघ. पाणी कुठवर होते ते सांगणारी. या प्रत्येक टाकीमागे माझ्यासारखाच एक बाप असणार, असे मला वाटू लागले. मी घेतली तिच्या कोपऱ्यावर तर मुलांच्या उंचीला एक चिकटचित्र होते, अर्धे खरवडलेले. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. सहाशे रुपये.

जुनी टाकी घेताना काचेवरून नख फिरवून पाहावे. नख अडकले, तर ती चीर. नाही अडकले तर नुसता ओरखडा. माझ्या टाकीला चीर नव्हती, आणि काचेला काच धरून ठेवणारा मूळ सांधाही मजबूत होता. कुजली होती ती आतल्या कडांची सिलिकॉनची शिवण. ती ब्लेडने खरवडून काढण्यात माझी दोन रविवारची दुपार गेली, कारण नव्या सिलिकॉनला जुन्याचा सहवास चालत नाही. तसूभर जुने राहिले तर नवे तिथे धरत नाही. चुन्याची रेघ व्हिनेगरने गेली. साबणाला मी स्पर्श केला नाही, कारण त्याचा अंश मागे राहिला तर माशांच्या जिवावर बेततो. मग स्पिरिटने कडा पुसल्या, दोन्ही बाजूंना कागदी पट्टी चिकटवली, आणि मधल्या फटीत नवे सिलिकॉन भरून बोटाने एका दमात ओढले. न्हाणीघरासाठी मिळते ते बुरशीनाशक घातलेले सिलिकॉन इथे चालत नाही; साधेच लागते. ते वाळेपर्यंत घरभर असा आंबूस वास सुटला, की शेजारच्या काकूंनी "लोणचं बिघडलं का हो?" अशी चौकशी केली.

तीन दिवसांनी गॅलरीत जुन्या उत्तरपत्रिका अंथरून तिच्यावर टाकी ठेवली आणि पाणी भरले. एवढी टाकी भरली की सत्तर लिटर पाणी; काच आणि खडे धरून वजन सिमेंटच्या दोन पोत्यांच्या घरात जाते. म्हणून आधी एक तृतीयांशच भरायची. रात्री दोनला उठून मी बॅटरीच्या उजेडात कागद चाचपत होतो. एका कोपऱ्यातली उत्तरपत्रिका ओली होती. तिथेच खालच्या बाजूला जुन्या सिलिकॉनचा एक पापुद्रा मी आळसाने तसाच ठेवला होता.

मागे धाकटी उभी होती. "कुठेतरी पाणी मुरतंय," ती म्हणाली. हा वाक्प्रचार मीच तिला शिकवला होता.

पुन्हा खरवडणे, पुन्हा वास, पुन्हा तीन दिवस. या वेळी टाकी टिकली. तळाला थर्मोकोल घालून ती बैठकीत बसवली, एक दिवस उघड्यावर ठेवून क्लोरीन उडालेले पाणी भरले, फिल्टर सुरू केला, आणि मासे आणलेच नाहीत. रोज फक्त माशांच्या खाद्याची चिमूट टाकायची. ती कुजली की अमोनिया होतो आणि जीवाणूंच्या वस्तीला अन्न मिळते. पाहुणे येत, पाच मिनिटे टाकीत डोकावत आणि हळूच विचारत, "मासे लपलेत का?" आईला मात्र समजावून सांगावे लागले नाही. "मुरंबा केल्या केल्या कुणी वाढतं का?" ती म्हणाली. "मुरू दे की."

रोज संध्याकाळी धाकटी नि मी परीक्षानळीत थेंब टाकून रंग पाहू लागलो. अमोनियाची परीक्षा पिवळी निघाली तर निर्धास्त, हिरवी निघाली तर विष. नायट्राइटची निळी चांगली, जांभळी वाईट. ती वहीत रंगीत पेन्सिलीने चौकोन भरी. आधी हिरवे, मग हिरवे नि जांभळे, मग नुसते जांभळेच जांभळे. चौथा आठवडा होता.

"आपण तेव्हा असं थांबलो नव्हतो ना?" वहीतून डोके वर न काढता तिने विचारले.

"तेव्हा?"

"सोनमाशांच्या वेळी. बाबा, मला माहीत आहे. चाफ्याच्या कुंडीत चमचा होता. आजीबरोबर माती उकरताना मला सापडला. खाली काटे पण होते."

मी काय बोलणार? मी विचारले, "मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

आठ वर्षांच्या मुलीने दोन वर्षे माझे खोटे जपून ठेवले होते, माझ्यासाठी. मी तिची क्षमा मागितली. वर्गात शंभर मुलांपुढे बोलणाऱ्या माणसाला ते एक वाक्य पुरे करायला बराच वेळ लागला.

सहाव्या आठवड्यात दोन्ही नळ्या एकदम निवळल्या; एक पिवळी, एक निळी. आम्ही गप्पी मासे आणले, एक नर आणि तीन माद्या. या नावाचा गप्पांशी काही संबंध नाही, बरे का. त्रिनिदादच्या गप्पी आडनावाच्या एका गृहस्थावरून १८६६ साली ते या माशाला चिकटले. डासांच्या अळ्या खातात म्हणून आपल्याकडे ते डबक्यांत सोडले जातात. हे मी सांगत असताना धाकटी पिशवीतले पाणी थोडे थोडे बदलत होती. चौघे टाकीत गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, यांना काही झालं तर मला उठवायचं. कितीही वाजले असले तरी."

मी हो म्हणालो.

पुढे पिल्ले झाली, काही वाचली, काही मोठ्यांनी खाल्ली. तेही तिने वहीत लिहिले. डिसेंबरातल्या एका पहाटे, साडेपाचच्या सुमारास, मी दूध घ्यायला उठलो तर थोरली मादी खड्यांवर आडवी पडलेली दिसली. माझा हात सवयीने चमच्यांच्या डब्याकडे गेला. मग मी तो मागे घेतला, आतल्या खोलीत गेलो आणि धाकटीच्या पांघरुणावर हात ठेवून तिला हाक मारली.