ओहोटी लागली की विमान येतं

ग्लासगोत डॉक्टर म्हणून नोकरीला असताना बॅरा बेटावर जायचा योग आला. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, आउटर हेब्रिडीजच्या दक्षिण टोकाशी असलेलं हे जेमतेम बाराशे वस्तीचं बेट. ओबानहून बोटीने पाच तास लागतात; ग्लासगोहून विमानाने सव्वा तास. मात्र विमानाची वेळ ओहोटी बघून ठरते, कारण इथली धावपट्टी म्हणजे समुद्राची पुळण.

ट्विन ऑटर हे दोन इंजिनांचं छोटं विमान. खाली ओली वाळू चकाकत होती आणि तीन धावपट्ट्यांची टोकं कळावीत म्हणून लाकडी खांब रोवलेले होते, बाकी काही नाही. चाकं टेकली तशी खिडकीवर पाण्याची चिळकांडी उडाली. उतरले तर पायाखाली शिंपल्यांचा चुरा करकरत होता. वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक फडकत असेल तोवर पुळणीवर जायचं नाही, हा इथला नियम. भरती आली की तिन्ही धावपट्ट्या पाण्याखाली जातात.

बॅराची ही विमानसेवा 1936 सालची. विमानाने रुग्ण नेणं मात्र त्याआधीच सुरू झालं होतं. 14 मे 1933 रोजी आयला या दुसऱ्या स्कॉटिश बेटावरून पोटाच्या गंभीर दुखण्याने तळमळणाऱ्या एका मच्छीमाराला ग्लासगोला नेलं होतं. लाकूड आणि कापडाचं ते ड्रॅगन विमान एरवी प्रवासी वाहणारं. जिमी ऑरेल त्याचे वैमानिक. स्कॉटलंडची हवाई रुग्णवाहिका त्या दिवशी सुरू झाली. पुढे ग्लासगोच्या रुग्णालयातल्या परिचारिका स्वेच्छेने अशा विमानांतून जाऊ लागल्या. 28 सप्टेंबर 1957 रोजी आयलावर रुग्णाला आणायला निघालेलं हेरॉन विमान खराब हवेत कोसळलं. वैमानिक, रेडिओ अधिकारी आणि परिचारिका जीन केनेडी असे तिघेही गेले. तरीही सेवा थांबली नाही. बॅरावर रात्री तातडीने विमान उतरवायची वेळ आली, तर पुळणीवर मोटारी उभ्या करून त्यांच्या दिव्यांचा उजेड दाखवत.

आपल्याकडे आडगावाला एसटीचा जो आधार, तोच या लोकांना विमानाचा. निव्वळ तिकिटांच्या पैशांवर ही फेरी चालली नसती; सरकार तिला मदत देतं. वेळेत न पोहोचलेला रुग्ण म्हणजे काय, हे मी वॉर्डात पाहिलं आहे. म्हणून सांगते, बाराशे माणसांसाठी केलेला हा खर्च मला अजिबात जास्त वाटत नाही. मोठ्या इस्पितळापर्यंत पोहोचायचा हक्क बेटावरच्या माणसालाही शहरातल्या माणसाइतकाच आहे.