यमाच्या दारवानांचा फराळ

दिवाळीत घराला कुलूप लावून गावाला जाणारे जोडपे आमच्या पेठेत अजूनही जरा संशयास्पदच समजले जाते. २०१८ सालच्या दिवाळीत आम्ही उभयता काठमांडूला निघालो, तेव्हा शेजारच्या काकूंनी "आणि फराळाचे हो?" असे मोठ्या काळजीने विचारले. सौ. काहीच बोलली नाही. फराळ हा शब्दच तिला त्या वर्षी नकोसा झाला होता. त्याचे कारण ओघात येईलच.

काठमांडूहून बागमती ओलांडून दक्षिणेला गेले, की पाटण लागते. तिथल्या एका गल्लीत, विटांच्या जुन्या घरात आम्ही उतरलो होतो. यजमानीणबाई निवृत्त शिक्षिका. सारी गल्ली त्यांना दिदी म्हणे, म्हणून आम्हीही दिदीच म्हणू लागलो. त्या मला 'दाइ' म्हणत आणि सौ.ला 'बहिनी'. बोलणे चाले ते तिघांच्याही मोडक्यातोडक्या हिंदीत.

पाऊस संपून आकाश धुतल्यासारखे झाले होते. सकाळी गच्चीवर गेले, की उत्तरेला बर्फाच्या शिखरांची रांग दिसे. खाली बाजारात सणाची घाई. असन चौकात सहा वाटा येऊन मिळतात. त्या साऱ्या वाटांवर झेंडूचे ढीग पडले होते. झेंडूला तिकडे सयपत्री म्हणतात. दिदींनी माळा घ्यायला सुरुवात केली, ती नवावर थांबल्या.

"घरात माणसे चार, आणि माळा नऊ?" मी विचारले.

"माणसांच्या कुठल्या, दाइ? एक आमच्या खैरेची. बाकीच्या गल्लीतल्या कुत्र्यांच्या."

नेपाळात दिवाळीला तिहार म्हणतात. दिवस पाचच. पहिला कावळ्यांचा, दुसरा कुत्र्यांचा, तिसरा गाईचा आणि लक्ष्मीचा, चौथा बैलांचा आणि गोवर्धनाचा, पाचवा भावाचा. म्हणजे आपण पहाटे उटणे लावून कारीट फोडतो, त्या नरकचतुर्दशीला तिकडे कुकुर तिहार. कुत्रे हे यमाचे दारवान, म्हणून त्यांचा हा मान. ऋग्वेदात यमाच्या वाटेवर चार डोळ्यांची दोन कुत्री राखण करतात. हनुमानढोक्याजवळ काळभैरवाची केवढी तरी मूर्ती आहे; त्या भैरवाचे वाहनही कुत्राच. आपणही धनत्रयोदशीला यमाला दिवा दाखवतो, दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री रोज पाहतो. पण धन्याला नमस्कार करायचा आणि दारवानाला विसरायचे, असे आपले होऊन बसले आहे.

आदल्या संध्याकाळी दिदींच्या स्वयंपाकघरात दोन आघाड्या उघडल्या होत्या. शेगडीवर सेलरोटी चालली होती. भिजवून वाटलेले तांदूळ, साखर, तूप यांचे सरबरीत पीठ. दिदी ते हाताने कढईत गोल सोडत आणि तांबूस कडे झाले, की काडीने उलटत. आपल्या अनारशाचे हे लांबचे भावंड असावे. दुसरीकडे त्यांचा नातू ओव्हनपाशी बसला होता. त्याच्यापुढच्या थाळीतही कडीच होती, पण फिकट आणि चपटी.

"ही कुत्र्यांची," दिदी म्हणाल्या. "पूर्वी आम्हीही सेलच घालायचो. अजून पुष्कळ घरी घालतात. पण तळलेले, गोड त्यांना सोसत नाही. मग याने हट्ट धरला, निदान दिसायला तरी सेलसारखे करू या. नाही तर कुत्र्यांना वाटेल, आपल्याला फसवले!"

सौ.ने कृती विचारली. घरच्या बायकांनी जरूर टिपून ठेवावी. दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी उकडलेल्या लाल भोपळ्याचा लगदा, एक अंडे आणि लागेल तसे पाणी. मीठ नाही, साखर नाही, मसाला नाही. घट्ट मळून अर्धा सेंटिमीटर जाड लाटायचे, वाटीने कापायचे आणि १८० अंशांवर अर्धा तास भाजायचे. मग ओव्हन बंद करून आतच वाळू द्यायचे.

"यात बेदाणे घातले तर?" सौ.ने विचारले. आवाज तिचा नव्हता.

"छे, छे! बेदाणे, मनुका, द्राक्षे कुत्र्याला विषच. मूत्रपिंडे बंद पडतात. चॉकलेट नको, कांदा-लसूण नको. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले तर हुंगूही द्यायचे नाही."

आमचा मोती अकरा वर्षांचा होता. २०१७ च्या नरकचतुर्दशीला त्याला बेसनाचे तीन लाडू मिळाले, बेदाणे सढळ हाताने घातलेले. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. तूप बाधले असेल, म्हणून आम्ही स्वस्थ बसलो. पाडव्याला डॉक्टरांकडे नेले, तेव्हा फार उशीर झाला होता. भाऊबिजेच्या पहाटे तो गेला.

"लाडू मी वळले होते," सौ. म्हणाली.

"भरवले मी," मी म्हणालो.

वर्षभर एकाच घरात राहून आम्ही ही दोन वाक्ये एकमेकांना सांगितली नव्हती. दिदींनी कढईखालची आच बंद केली आणि सौ.च्या पाठीवर हात ठेवला. नातू मुकाट्याने कडी उलटीत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खैरे उंबऱ्यात पाटावर बसला. कपाळाला लाल टिका, गळ्यात सयपत्री, समोर आरती. चेहरा असा, की नवरदेवाने शिकून घ्यावा. मग तबक घेऊन सारे गल्लीत उतरले. शहरभर हेच चालले होते. पोलिसांच्या श्वानपथकातल्या कुत्र्यांनाही त्या दिवशी हार-टिका होतो. तिहार संपला, की हीच गल्लीतली कुत्री पुन्हा दगड खातात, हेही दिदींनी झाकून ठेवले नाही. "पण एक दिवस हात जोडलेल्या पोराचा हात दुसऱ्या दिवशी थोडा तरी अडखळतो," त्या म्हणाल्या.

एक काळी म्हातारी कुत्री मात्र कोपऱ्यावरून हलेना. माळ नको, टिका नको. सौ. तिच्यापासून चार हातांवर, विटांच्या पायरीवर जाऊन बसली आणि कडे पुढे ठेवून दुसरीकडे पाहत राहिली. कितीतरी वेळाने कुत्री आली, हुंगली, कडे उचलून पायरीखाली जाऊन कुरकुर चावू लागली. सौ.ने डोळे पुसले नाहीत. तिने दुसरे कडे पुढे केले.

तेव्हापासून आमच्याकडे दिवाळीचा पहिला डबा भोपळ्याच्या कड्यांचा असतो. घरात कुत्रा नाही. पेठेत पुष्कळ आहेत. शेजारच्या काकू दर वर्षी विचारतात, "झाला का हो फराळ?"

सौ. सांगते, "झाला की! आता माणसांचा तेवढा राहिलाय."