कोऱ्या जागेचा हिशेब

तीर्थस्वरूप मामांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पावले. सुवाच्य अक्षर काढण्यात आपला कचेरीतला उभा जन्म गेला, तेव्हा त्याच अक्षरासाठी मुंबईस राहून फी भरण्याचे प्रयोजन काय, हा आपला सवाल वाजवी आहे. आणि १८५७ साली निघालेल्या सर जे. जे. कलाशाळेत १९३५ मध्ये व्यापारी कलेचा वर्ग उघडला व पुढे त्याची स्वतंत्र संस्था झाली, हा इतिहास सांगून त्याचे उत्तर होणार नाही, हेही मी जाणते. म्हणून वर्गात हाताला आणि डोळ्यांना जे वळण लागले तेवढेच निवेदन करते.

प्रथम बोरूविषयी. रोमन लिपीचा टाक ज्या बाजूस कलता धरतात, त्याच्या उलट बाजूस देवनागरीच्या बोरूचा काप असतो आणि अक्षराचे अंग कुठे पुष्ट व कुठे कृश व्हावे हे त्या कापानेच ठरते, हे आपल्या हाताला केव्हाच ठाऊक आहे. मुंबईतल्या कित्येक पाट्या मात्र विलायती टाकाच्या वळणाने रंगविलेल्या असल्यामुळे, मजकूर शुद्ध मराठी असूनही, परक्या वाटतात. त्या तशा का वाटतात याचे कारण सांगता येणे, एवढीच माझ्या पहिल्या सत्राची कमाई. पण ती मी थोडी मानीत नाही.

खरा धडा पुढे मिळाला. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यातला एक जुना संस्कृत ग्रंथ, ज्याच्या खिळ्यांमागे राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराने कोरलेले ठसे आहेत, आमच्या सरांनी मेजावर ठेवला, प्रत्येकाच्या हाती भिंग दिले, आणि काळ्या रेषांकडे मुळीच न पाहता त्यांच्या मधल्या पांढऱ्या जागा तेवढ्या कागदावर उतरवून घ्या, अशी आज्ञा केली. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ या जोड्यांत शिरोरेषेतली ती लहानशी फट किती मोलाची आहे, हे तेव्हा प्रथम ध्यानात आले. कारण हलक्या कागदावर शाई पसरून ती फट बुजली, की ‘धन’ पाहता पाहता ‘घन’ होते. कसबी कोरक्या ही फट डोळ्यांना रुचेल त्याहून किंचित अधिक रुंद ठेवतो, म्हणजे छपाईत शाईने आपला वाटा उचलल्यावरही वाचकाच्या पदरी पुरेशी जागा उरते. ज्या रिकाम्या जागेला मी आजवर अक्षराबाहेरची समजत होते, ती अक्षराचाच अवयव निघाली!

अक्षरावरून शब्दावर, शब्दावरून ओळीवर आणि ओळीवरून सबंध पानावर हाच हिशेब कसा चढत जातो, ते पाहण्यासाठी आम्हांस लिलावाचा एक सरकारी जाहीरनामा दिला होता. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ येथून आरंभ होऊन सदरहू, मजकूर, मौजे, तालुके अशा शब्दांच्या दाटीतून तारीख, ठिकाण आणि अनामत रक्कम शोधता शोधता, चावडीपुढे भर उन्हात उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा जीव मेटाकुटीस यावा, असा तो होता. मजकुराचा एक शब्दही न बदलता तो वाचनीय करावयाचा, एवढीच अट. काही सोबत्यांनी भोवती वेलबुट्टी काढली, जी मला अजून क्षम्य वाटत नाही. तारीख व ठिकाण स्वतंत्र ओळीत घेऊन त्यांच्या वर-खाली कोरी पट्टी सोडताच बाकीचा मजकूर आपोआप आपल्या जागी बसला. त्या पट्टीपायी एक-दोन बोटे कागद अधिक लागतो, यावर आपले हिशेबनीस हरकत घेतील. पण मुदत हुकलेल्या माणसाचे नुकसान कोणत्या खाती धरावयाचे, असे त्यांस विचारावे.

आता माझी एक शंका. आपल्या घरच्या दप्तरातील मोडी कागदांत शिरोरेषा आधी ओळभर आखून अक्षरे मागाहून तीस लावलेली असतात, शब्दाशब्दांत अंतर म्हणून नसते, आणि तरीही आपण ते कागद न अडखळता वाचीत असा. मग आमचा सिद्धांत खोटा की काय? मला वाटते, दप्तराचा वाचक मायना, कलमे आणि अखेरीचा शिरस्ता आधीच जाणत असतो, म्हणून त्याला मोकळ्या जागेची गरज पडत नाही. जाहीरनामा ज्याच्यासाठी लावतात, तो मात्र त्या कागदाला सर्वस्वी नवखा असतो. सरांना हे पटते, पण पुरते नाही. शब्द तुटत नसूनही कारकुनाचा डोळा नेमका कशावर ठरतो, हे प्रत्यक्ष कागद पाहिल्याखेरीज सांगता येणार नाही, असे ते म्हणतात. तरी सारापावत्यांच्या गाठोड्यातील दोन-चार जीर्ण कागद, कामाचे नसतील तेच, रजिस्टर टपालाने पाठविण्याची तजवीज व्हावी, आणि वाचताना आपली नजर कुठे थांबते तेथे पेन्सिलीने बारीक खूण करावी. कागद जसेच्या तसे परत करीन.

मामींस साष्टांग नमस्कार. कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली आज्ञाधारक भाची