पाणवनस्पतींच्या टाकीतील फिल्टर

वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळी समाजाने बांधलेल्या आणि १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यावर माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात ‘मामा तलाव’, म्हणून ओळखल्या जाऊ लागलेल्या जलाशयांना गाळणयंत्र कोणी बसविलेले नाही; तरीही जेथे पाणवनस्पती टिकल्या, तेथे पाणीही निवळ राहिले. भंडारा जिल्ह्यातील करडीसारख्या गावात ज्याचे बालपण गेले, त्याला हायड्रिला प्रथम भेटते ती पोहताना पायांत गुंतणारी कटकट म्हणून. पुढे शिक्षणासाठी नागपुरास गेल्यावर तो खोलीत काचेची टाकी मांडतो, तेव्हा तीच हायड्रिला त्याला पैसे मोजून घ्यावी लागते (हा व्यवहार करडीत कोणी ऐकून घेणार नाही), आणि कोणता फिल्टर घ्यावा हा प्रश्नही तेव्हाच उभा राहतो.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. स्पंजावर किंवा वाळूत वस्ती करणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात, आणि या जिवाणूंना घर देणे हेच फिल्टरचे मुख्य काम असते. वनस्पतींच्या टाकीत मात्र हे काम वाटले जाते, कारण बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम अधिक पसंत करतात आणि जिवाणूंच्या आधीच ते शोषून घेतात. म्हणून मोठ्या ताकदीच्या फिल्टरची हौस ही तरुण वयातील हौस म्हणावी लागते: त्याचा प्रवाह पृष्ठभाग सतत ढवळून कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वनस्पतींचे अन्नच, हवेत उडवून देतो, आणि त्यात भरलेला कोळसा खतातील काही उपयुक्त द्रव्येही शोषून घेतो.

संसार थाटल्यावर टाकी मोठी होते आणि कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवलेला बंद डब्याचा फिल्टर, परवडू लागतो. कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर जोडलेल्या टाकीला तो खरोखर शोभतो, कारण त्याचे निर्गममुख पाण्याखाली ठेवता येते. परंतु वीज काही तास गेली की बंद डब्यातील जिवाणूंचा प्राणवायू संपतो. त्यातून विदर्भाचा मे महिना असला, तर कोमट पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळलेला असतो. एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर दिसायला ओबडधोबड असला आणि थोडा कार्बन डायऑक्साइड तोही घालवीत असला, तरी उघड्या पाण्यात असल्याने तो इतक्या लवकर गुदमरत नाही, आणि बॅटरीवरचा छोटा पंप त्याला रात्रभर चालवू शकतो.

निवृत्तीनंतर गावी परतून ओसरीवर दाट वनस्पतींची आणि मोजक्या माशांची साठ-सत्तर लिटरची टाकी मांडणाऱ्याने स्पंज फिल्टरच घ्यावा, आणि तो नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली न धुता टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळावा.