न दिसणारा रेटा

विमानांत खिडकीजवळ जागा मिळाली कीं पंखाखालच्या इंजिनाकडे पाहत बसण्याचा आम्हांला नाद आहे. मागें एका प्रवासांत शेजारीं आमचे एक इंजिनिअर स्नेही होते. आम्हीं सहज विचारलें, "हें जेट इंजिन या घटकेला नेमका किती रेटा देत आहे, तें वैमानिक मोजतो तरी कसें?"

"मोजीतच नाहीं," ते शांतपणें म्हणाले.

आम्हीं पट्टा जरा आवळून घेतला.

जमिनीवर चांचणीच्या चौकटीला इंजिन जखडून त्याचा रेटा मोजतात. आकाशांत तशी चौकट कोठून आणणार? टर्बाइनच्या पहिल्या पात्यांवर येणारा वायु तर पात्यांचा धातु वितळवील इतका तप्त; आंतून हवा खेळवितात म्हणून तीं तगतात. तेथें रोजचा उष्णतामापक टिकत नाहीं. तो मागें, वायु कांहींसा निवल्यावर, बसवावयाचा आणि पुढच्या तापाचा तर्क करावयाचा.

हा तर्क मात्र आंधळा नव्हे. रुडॉल्फ काल्मान यांनीं १९६० सालीं मांडलेली रीत येथें कामीं येते. खऱ्या इंजिनाबरोबर गणितांतलें एक इंजिन संगणकांत चालूं ठेवतात. दोघांचे फेरे, दाब, उष्णता यांत अंतर पडलें कीं त्यांतलें मापकाच्या चुकीचें किती आणि इंजिनाच्या झिजेचें किती, हें तोलून गणितांतलें इंजिन थोडें सरकवून घ्यावयाचें. अडचण एवढीच, कीं झिजणाऱ्या गोष्टी फार आणि मापक थोडे. समीकरणें कमी नि अज्ञातें जास्त, असें उदाहरण आमच्या गणिताच्या मास्तरांनीं चुकीचें म्हणून खोडलेंच असतें! येथें तें सोडून चालत नाहीं. मग अनेक झिजांचें गांठोडें बांधून थोड्याच संख्यांचा अंदाज करतात.

हें ऐकतांना आम्हांला १३ जानेवारी १९८२ चा वॉशिंग्टनमधील अपघात आठवला. त्या बोइंग ७३७ मध्यें रेटा ओळखीत तो इंजिनाच्या पुढच्या व मागच्या दाबांच्या गुणोत्तरावरून. पुढच्या दाबनळ्या बर्फानें बुजल्या, कांटे २.०४ दाखवीत होते, खरें गुणोत्तर १.७० च्या आसपास. एकाची साक्ष दुसऱ्यास विचारावी, तर दोन्ही इंजिनांचे कांटे एकच खोटें बोलत होते. फेऱ्यांचे कांटे निराळें सांगत होते. सहवैमानिकाला शंका आली, त्यानें ती बोलूनही दाखविली. पण उड्डाण थांबलें नाहीं. पंखांवरही बर्फ होतेंच. विमान पुलावर आदळून पोटोमॅक नदींत कोसळलें; ७८ माणसें गेलीं.

"गणितांतल्या इंजिनाला तें २.०४ पटलें नसतें," स्नेही म्हणाले. "त्या फेऱ्यांना तो आंकडा शोभत नव्हता." आणि त्यांनीं डोळे मिटून घेतले.

आम्ही मात्र उतरेपर्यंत इंजिनाची घरघर ऐकत बसलों. तीवरून रेट्याचा अंदाज अर्थातच लागला नाहीं.