अम्मीच्या तळपायांची आग

मधुमेहाने अम्मीच्या पायांच्या नसा गेल्या. रात्री मिरची चोळल्यासारखी आग होते. दुबईचा भाऊ म्हणतो, "आपा, बीपीसी-157 पेप्टाइडची इंजेक्शनं पाठवतो."

पेप्टाइडला माझी ना नाही. अम्मी रोज टोचून घेते ते इन्सुलिनही पेप्टाइडच. पण ते 1922 पासून माणसांना दिलं जातंय. बीपीसी-157 चे बहुतेक प्रयोग उंदरांवरचे! समुद्री गोगलगायीच्या विषावरून बनवलेलं झिकोनोटाइड अमेरिकेत 2004 मध्ये मंजूर झालं खरं, पण ते थेट मणक्यातल्या पाण्यात सोडावं लागतं.

प्रीगाबालिनने आग कमी होते, मात्र फजरला उठताना अम्मीचा तोल जातो. डॉक्टर आता ड्युलॉक्सेटिन देऊन बघू म्हणतात. भावाला कळवलंय, कुप्या नकोत, मऊ चपला पाठव.